मराठी अद्भुतकथेतील ‘दुसरे जग’ आणि किशोरवयाचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना

इंग्रजी बाल व किशोर साहित्यात एक कथाप्रकार दीड शतकापासून रूढ आहे. नेहमीच्या जगात वावरणारे एखादे मूल कपाटातून, आरशातून, बिळातून किंवा रेल्वे स्थानकाच्या भिंतीतून पलीकडे जाते, तेथे त्याला वेगळ्या नियमांनी चालणारे जादुई जग भेटते, तेथील संकटांना तोंड देऊन ते मोठे होते आणि बहुधा परत येते. या प्रकाराला ‘पोर्टल फँटसी’ असे म्हणतात. लुईस कॅरोल यांची ‘ॲलिस’ (१८६५), फ्रँक बॉम यांची ‘ओझ’ (१९००), सी. एस. लुईस यांची सात भागांची ‘नार्निया’ मालिका (१९५० ते १९५६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर’ मालिका (१९९७ ते २००७) याच परंपरेतून पुढे आली. फराह मेंडलसोन यांनी २००८ मध्ये अद्भुतसाहित्याचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत दारातून पलीकडे जाण्याच्या कथेला पहिले स्थान दिले. प्रस्तुत निबंधात सोयीसाठी या प्रकाराला ‘द्वारकथा’ असे म्हटले आहे.

मराठीत किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, दीर्घ आणि स्वतंत्र द्वारकथा दुर्मीळ आहे, हे सामान्यतः मान्य केले जाते. याचे कारण सांगताना मराठी मनाला अद्भुताचे वावडे आहे, आपली परंपरा बोधप्रधान आहे, किंवा हा प्रकारच मुळात परकीय आहे, असे म्हटले जाते. ही कारणे तपासून पाहावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण अंबड परिसर ज्या गोदावरी खोऱ्याचा भाग आहे, तेथील संतचरित्रे, पोथ्या, स्त्रियांच्या कहाण्या आणि दखनी काव्ये यांत पाताळ, स्त्रीराज्य, परीलोक अशा दुसऱ्या जगांची मुळीच उणीव नाही. दार होते, दारापलीकडचे जगही होते. मग त्यातून जाणारे बारा-चौदा वर्षांचे मूल कथेत का आले नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर साहित्याच्या इतिहासाइतकेच सामाजिक इतिहासात शोधावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठी व मराठवाड्यातील कथनपरंपरेत ‘दुसऱ्या जगात प्रवेश’ या कल्पनेचा मागोवा घेणे.
२) एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरी व तिच्यावरील टीका यांचा सामाजिक संदर्भ तपासणे.
३) विवाहवयाचा इतिहास आणि किशोर साहित्याचा उदय यांतील संबंध स्पष्ट करणे.
४) अनुवादित द्वारकथांचे मराठीतील स्थान व आजच्या ग्रामीण महाविद्यालयीन संदर्भात या विषयाचे महत्त्व विशद करणे.

गृहीतक

मराठीत द्वारकथा विकसित न होण्याचे प्रमुख कारण कल्पनाशक्तीचा अभाव हे नसून, बालपण आणि विवाह यांच्यामधील ‘किशोर’ ही अवस्था समाजात दीर्घकाळ अस्तित्वातच नव्हती, हे आहे.

संशोधन पद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून मुद्रित साहित्य, लोकपरंपरेतील कथा, वाङ्मयेतिहास व विवाहविषयक कायद्यांचा इतिहास यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. पोथ्या व संतचरित्रांतील दार

मालू नरहरी यांनी शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ आजही मराठवाड्यातील घराघरांत वाचला जातो. माशाच्या पोटी जन्मलेले मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात आणि तेथील राणीच्या सहवासात रमतात. त्या राज्यात पुरुषाला राहता येत नाही, हा तेथील नियम आहे. गोरक्षनाथ वेष पालटून तेथे प्रवेश करतात आणि गुरूला परत आणतात. स्वतंत्र भूगोल, स्वतंत्र नियम, प्रवेशाची अडचण, मोह, सुटका आणि परतीचा प्रवास अशी द्वारकथेची सर्व अंगे येथे आहेत. राम-लक्ष्मणांना पाताळात नेणाऱ्या अहिरावण-महिरावणाची कथाही अशीच असून तेथे सुटकेचे कार्य हनुमंताकडे आहे.

‘योगवासिष्ठा’तील लवण राजाची कथा याहून सूक्ष्म आहे. दरबारात एका मायावी जादूगाराने आणलेल्या घोड्याकडे पाहता पाहता राजा दूरच्या अरण्यात पोहोचतो, तेथे संसार करतो, दुष्काळ भोगतो, वृद्ध होतो. आणि भानावर येतो तेव्हा दरबारात केवळ काही क्षण उलटलेले असतात. दोन जगांतील काळ वेगवेगळ्या गतीने चालतो, ही कल्पना ‘नार्निया’मुळे जगभर परिचित झाली. भारतीय परंपरेत ती कित्येक शतके आधी तत्त्वचिंतनाचे साधन म्हणून वापरली गेली आहे.

तथापि या कथांतून जाणारी पात्रे कोण आहेत, हे पाहिले पाहिजे. ती योगी आहेत, राजे आहेत, देव आहेत. त्यांचे वय कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. दारातून जाऊन ती ‘मोठी’ होत नाहीत. ती मुळातच मोठी आहेत. फार तर विसरलेले ज्ञान त्यांना परत मिळते.

याला आपल्याच परिसरात एक लक्षणीय अपवाद आढळतो. समर्थ रामदास यांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. पूर्वी अंबड तालुक्यात असलेले हे गाव आता घनसावंगी तालुक्यात आहे. परंपरेनुसार बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असताना ‘सावधान’ हा शब्द ऐकून बाल नारायणाने मंडपातून पलायन केले, नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तपाचरण केले, पुढे बारा वर्षे देशभर तीर्थाटन केले आणि त्यानंतर तो जांबेला आईच्या भेटीस आला. या कथेतील प्रत्येक तपशील ऐतिहासिक कसोटीवर सिद्ध करता येईल असे नाही. मात्र समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूपात जतन केली, ते रूप इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचे आहे. बारा वर्षांचा मुलगा, ओलांडलेला उंबरठा, दूरची साधना आणि परतणे, हे येथे एकत्र आले आहे. मुलाला मोठे होण्यासाठी कालावधी हवा असेल, तर त्याला प्रथम विवाहातून सुटावे लागते, असेही ही कथा अप्रत्यक्षपणे सांगते. मंडपात अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला जी मुलगी उभी होती, तिच्यावर कथेचा प्रकाश पडत नाही. तिलाही तोच शब्द ऐकू आला असणार. परंतु त्या शब्दावर निघून जाण्याची मुभा तिला नव्हती.

२. कहाणीतील पाताळ आणि माहेर

त्या मुलीची कथा पोथीत नसली तरी स्त्रियांच्या मौखिक परंपरेत आहे, आणि ती श्रावणात सांगितली जाते. नागपंचमीच्या कहाणीतील धाकट्या सुनेला माहेर नाही. इतर सुना माहेरी, आजोळी, पणजोळी जातात. हिला कोणीच नाही. नागोबा तरी आपल्या माहेरचा असावा, अशी ती मनोमन इच्छा करते. शेषाला तिची दया येते. ब्राह्मणाचा वेष घेऊन, मामा म्हणून तो तिला न्यायला येतो. वारुळाशी पोहोचल्यावर आपले खरे रूप दाखवतो आणि फणीवर बसवून तिला पाताळात नेतो. तेथे नागीण बाळंत होत असताना हातात दिवा धरण्याचे काम तिच्याकडे येते. भीतीने दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. पुढे तिची सासरी पाठवणी होते. मोठी झालेली पिले सूड घेण्यासाठी येतात, तेव्हा ती भिंतीवर नाग काढून, दूध-लाह्या ठेवून याच भावांचे कुशल मागत असते. ते पाहून त्यांचा राग निवळतो.

कथाशास्त्राच्या दृष्टीने ही संपूर्ण द्वारकथा आहे. वारूळ हे दार आहे. पाताळाचे स्वतःचे नियम आहेत. नायिकेच्या हातून तेथे चूक घडते आणि तिचे परिणाम तिच्या मागोमाग या जगात येतात. शेवटी तिची सुटका कोणा वीराच्या पराक्रमाने होत नाही. तिच्या स्वतःच्या वागण्याने होते. विशेष म्हणजे नायिका लहान आहे. सून म्हटल्यावर आज आपल्यासमोर प्रौढ स्त्री उभी राहते. परंतु ज्या काळात ही कहाणी घडली व सांगितली गेली, त्या काळातील धाकटी सून म्हणजे बहुधा आठ ते बारा वर्षांची मुलगी. युरोपातील कथाकार मुलांना घराबाहेर, अनोळखी प्रदेशात पाठवितात. या कहाणीतील मुलगी आधीच अनोळखी घरात येऊन पडली आहे. त्यामुळे तिच्या कल्पनेतील जादुई जग म्हणजे माहेर. दुसऱ्या जगाची ओढ येथे साहसाच्या हौसेतून आलेली नसून पोरकेपणातून आली आहे.

जात्यावरच्या ओव्यांतही माहेराचे असेच उदात्तीकरण आढळते. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील स्त्रीगीते संकलित करून या भावविश्वाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ओवीतील माहेर भौगोलिकदृष्ट्या चार कोसांवर असले तरी भावनिकदृष्ट्या ते दुसरे जगच असते. तेथे जाण्यासाठी भावाची वाट पाहावी लागते, परवानगी लागते आणि परतीचा दिवस आधीच ठरलेला असतो.

३. दखनी व उर्दू परंपरेचा वारसा

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील सुशिक्षितांचा परिचय मराठीइतकाच उर्दूशीही होता. दखनी मसनवीत परीलोकाचा प्रवास हा आवडता विषय आहे. गोवळकोंड्याच्या दरबारातील गव्वासी या कवीची ‘सैफुल मुलूक व बदीउल जमाल’ ही रचना राजपुत्राच्या परीकन्येसाठी केलेल्या प्रवासाची कथा सांगते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे केंद्र बनले आणि जुन्या दखनी ग्रंथांच्या संशोधनाला तेथून चालना मिळाली. १९८१ मध्ये जालना जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी अंबड याच औरंगाबाद जिल्ह्यात होते.

उत्तर हिंदुस्थानात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ प्रसिद्ध केली. ‘तिलिस्म’ म्हणजे जादूने बांधलेले बंदिस्त जग. त्याला प्रवेश असतो, नियम असतात आणि ते भेदण्याची युक्ती असते. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीने हीच कल्पना पुढे नेली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या अनुवादाने हे विश्व खुले केले. गेल्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चा सोळा खंडांत केलेला अनुवाद हा त्या परंपरेचा पुढचा टप्पा होय. परंतु येथेही नायक विवाहयोग्य राजपुत्र आहे. प्रवासाचे फळ म्हणजे परी किंवा राजकन्या. कथा विवाहापाशी संपते.

४. अद्भुतरम्य कादंबरी : रिसबूड यांची कैफियत

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ मध्ये विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव मांडले. त्यानंतर मात्र मराठी कादंबरी वेगळ्या वाटेने गेली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या. काशीनाथ बाळ मराठे यांनी १८७२ मधील आपल्या निबंधात अशा ‘नावलां’वर टीका केली. तेव्हापासून या कादंबऱ्यांकडे कच्च्या अभिरुचीचा नमुना म्हणून पाहण्याची प्रथा पडली.

परंतु रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत दिलेले स्पष्टीकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या लोकांतील विवाहाच्या व इतर चालीरीतींमुळे येथील आयुष्यात कादंबरीस लागणारे चित्तवेधक प्रसंगच घडत नाहीत. म्हणून रोजच्या व्यवहाराचे यथातथ्य वर्णन केले तर त्यात मन रमविणारे काही सापडणार नाही आणि लेखकाला अद्भुताकडे वळावेच लागते. वाङ्मयसमीक्षेने ही कैफियत वास्तववादाच्या अपयशाची कबुली मानली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक खोल आहे. आपल्या समाजात तारुण्याला निवड करण्याची संधी नाही, म्हणून त्याची कथाही होत नाही, असे रिसबूड नकळत सांगून जातात. जेथे मुलीचा विवाह दहाव्या वर्षाच्या आत होतो आणि मुलगा सोळाव्या वर्षी संसारी असतो, तेथे आत्मशोधाचा प्रवास करावयाचा कोणी आणि कधी?

याच परिस्थितीला हरि नारायण आपटे यांनी वास्तववादी मार्गाने उत्तर दिले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमू ही नागपंचमीच्या धाकट्या सुनेची ऐतिहासिक बहीण आहे. फरक इतकाच की, हरिभाऊंच्या पुण्यात वारूळ नाही. यमूला कोठलेही दार उघडत नाही आणि ते उघडत नाही हेच सांगणे हे त्या कादंबरीचे सामर्थ्य आहे.

५. विवाहवय, शाळा आणि ‘किशोर’ वाचक

पाश्चात्त्य देशांतही किशोरावस्था ही निसर्गतः मिळालेली वस्तू नव्हती. सक्तीचे शिक्षण, बालमजुरीवरील निर्बंध आणि लांबलेले विवाहवय यांतून ती घडली. स्टॅन्ले हॉल यांचा या अवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०४ मधील आहे. म्हणजे ‘ॲलिस’ व ‘नार्निया’ यांच्या दरम्यानच्या काळातच ही संकल्पना शास्त्रीय परिभाषेत स्थिरावली.

आपल्याकडे ही प्रक्रिया कायद्याच्या व चळवळीच्या मार्गाने, अत्यंत संथपणे झाली. १८८४ मध्ये सुरू झालेल्या रखमाबाई खटल्याने बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि तेवढ्यानेही महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान विवाहवय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. तथापि तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, हैदराबाद संस्थानातील अंबडला तो लागू नव्हता. १९७८ च्या दुरुस्तीने हे वय अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला.

मुलांसाठीच्या मराठी मुद्रित साहित्याचा इतिहास या कालक्रमाशेजारी ठेवला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ ही १८२८ मधील पुस्तके ‘बाळा’साठी होती. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी मुलांच्या वाचनाला मोठी चालना दिली; पण त्यांचा वाचकही प्रामुख्याने शिकवावयाचे मूल असाच होता. नाथमाधव यांची ‘वीरधवल’ (१९१३) ही अद्भुतरम्य कादंबरी किशोरांनी आवडीने वाचली, पण ती त्यांच्यासाठी म्हणून लिहिलेली नव्हती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) संस्कारकथेचा जो आदर्श घालून दिला, त्याचा प्रभाव पुढील अनेक दशके टिकला.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र बदलले. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फास्टर फेणेसारखा घराबाहेर पडणारा, स्वतः निर्णय घेणारा शाळकरी नायक दिला. त्याचे साहस मात्र याच जगात घडते. देवदत्त नारायण टिळक यांनी ‘ॲलिस’ला ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने मराठी रूप दिले. ॲलिसची जाई होणे आणि ‘कहाणी’ हा शब्द शीर्षकात येणे, या दोन्ही गोष्टींवरून रूपांतरकाराला या कथेचे देशी नाते जाणवले होते, असे म्हणता येते. ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळासह जादूगार, राक्षस व गुहांचे विश्व खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचविले. बालभारतीने १९७१ मध्ये ‘किशोर’ हे मासिक सुरू केले. शासकीय संस्थेने या वयोगटाला स्वतंत्र नावाने संबोधणे ही सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय. आणि सात वर्षांनी विवाहवयाची दुरुस्ती झाली, हा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. दोन्हींमागे शालेय शिक्षणाचा विस्तार हे समान कारण आहे.

याच काळातील मराठीतील एक उत्कृष्ट द्वारकथा जयंत नारळीकर यांच्या नावावर आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात की, जेथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठे विजयी झाले आहेत. इतिहासाच्या अध्यापकाला ही कथा विशेष जवळची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विज्ञानाच्या आधाराने मराठीत जेव्हा दुसऱ्या जगाचे दार उघडले, तेव्हाही त्यातून गेले ते प्राध्यापकच, विद्यार्थी नव्हे, हे नोंदविले पाहिजे.

६. अनुवादित जादुई जग

एकविसाव्या शतकाच्या आरंभी भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ‘हॅरी पॉटर’ मराठीत आणला. पहिल्या भागाचे शीर्षक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. परिसाचा दृष्टान्त मराठी वाचकाला संतसाहित्यातून लहानपणापासून परिचित असतो. त्यामुळे एका शब्दाने युरोपीय किमयाशास्त्रातील वस्तू मराठी परंपरेत आली. मात्र निवासी शाळा, तेथील वसतिगृहे, शिक्षकांची उतरंड हे सर्व परकेच राहिले. अकराव्या वर्षी पत्र येते आणि मुलाला कळते की आपल्यासाठी दुसरीकडे एक जागा राखलेली आहे, हे त्या कथेचे मूळ आकर्षण आहे. अकरा वर्षांच्या मुलापुढे सात वर्षांचे शिक्षण मोकळे आहे, हे तेथे गृहीत धरलेले असते. ज्या वाचकाच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही, त्याच्यासाठी कादंबरीतील सर्वांत अद्भुत भाग कदाचित जादू हा नसून शाळा हाच ठरेल.

७. आक्षेपांचा विचार

या साहित्यप्रकारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला पलायनवादाचा. नागपंचमीच्या कहाणीने त्याचे उत्तर दिले आहे. धाकटी सून पाताळात राहून जात नाही. ती परत येते, आणि तेथे जोडलेल्या नात्याच्या बळावर येथील आयुष्य सावरते. दुसऱ्या जगात जाऊन आल्यामुळे पहिल्या जगातील उणीव स्पष्ट दिसू लागते. ‘नार्निया’तील चार भावंडेही महायुद्धातील बॉम्बवर्षावामुळे लंडनहून खेड्यात पाठविलेली मुले आहेत, हे विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. अशा राज्यात मुलांच्या हाती जादूच्या कथा द्याव्यात काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. भोंदूबाबाची जादू ऐकणाऱ्याकडून विश्वासाची मागणी करते आणि प्रश्न विचारण्यास मज्जाव करते. द्वारकथा मात्र उघडपणे कल्पित असते. तेथे जाण्यासाठी ठरावीक दार लागते आणि परत आल्यावर ते दार बंद होते. कल्पित व वास्तव यांच्यामधील उंबरठा ओळखण्याची सवय या कथा लावतात. चिकित्सक बुद्धीच्या शिक्षणाला ही सवय पोषकच आहे.

८. अंबड परिसर आणि आजचा संदर्भ

हा विषय केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा आहे, असे आपल्या भागात तरी म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांमध्ये अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. जालन्यासह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत ते राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते. ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर, मुलीला एकटे मागे ठेवण्याची धास्ती, गावात दहावीपुढील सोयीचा अभाव आणि हुंड्याचा हिशेब अशी त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावरील मुलींची नावे बारावीपर्यंत कशी विरळ होत जातात, हे ग्रामीण भागातील कोणत्याही प्राध्यापकास वेगळे सांगावे लागत नाही. म्हणजेच ज्या अवस्थेच्या अभावी रिसबूड यांना १८६८ मध्ये कादंबरीचे विषय सापडत नव्हते, ती अवस्था आपल्या परिसरातील अनेक मुलींच्या वाट्याला अद्याप पूर्णतः आलेली नाही.

नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. माशाच्या आकाराची टेकडी आणि तिच्यावर नांदणारी देवी, ही प्रतिमा कोणत्याही अद्भुतकथेला पुरून उरेल अशी आहे. या परिसरात बसून एखादी चौदा वर्षांची नायिका त्या टेकडीतील दारातून आत जाते अशी कादंबरी लिहिली जाणे अशक्य नाही. सामग्री आपल्याकडे आहे. ती वाचायला व लिहायला लागणारी मोकळी वर्षे मुलींना मिळणे, ही खरी पूर्वअट आहे.

निष्कर्ष

१) दुसऱ्या जगात प्रवेश व तेथून परतणे ही कल्पना मराठी परंपरेत पोथ्या, संतचरित्रे, कहाण्या व दखनी-उर्दू प्रभाव यांच्याद्वारे विपुल प्रमाणात आढळते. द्वारकथा हा पूर्णतः परकीय प्रकार आहे, हे मत स्वीकारता येत नाही.
२) पुरुषप्रधान मुद्रित व पोथीपरंपरेत दारातून जाणारा नायक योगी, राजा किंवा विवाहयोग्य राजपुत्र आहे. अल्पवयीन नायिका प्रामुख्याने स्त्रियांच्या मौखिक परंपरेत आढळते आणि तिचे दुसरे जग माहेराच्या रूपात येते.
३) रिसबूड यांची प्रस्तावना ही वास्तववादाच्या अपयशाबरोबरच बालविवाहाने नाहीशा केलेल्या तारुण्याचीही साक्ष आहे.
४) मराठीत ‘किशोर’ वाचक हा शालेय शिक्षणाच्या विस्तारातून व विवाहवयाच्या वाढीतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आला. तोवर संस्कारकथा व साहसकथा यांनी बालसाहित्याची जागा व्यापली होती. परिणामी द्वारकथेची गरज मुख्यतः रूपांतरे व अनुवाद यांनी भागविली. यावरून निबंधाचे गृहीतक बहुतांशी सिद्ध होते.
५) मराठवाड्यात किशोरावस्था अद्यापही असमानपणे वाटली गेलेली आहे. त्यामुळे किशोर साहित्याचा प्रश्न हा स्त्री-शिक्षणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

सूचना

महाविद्यालयातील मराठी व इतिहास विभागांनी संयुक्तपणे परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून कहाण्यांच्या स्थानिक पाठांचे संकलन विद्यार्थिनींकडून करून घ्यावे. कहाणी सांगणारीचे विवाहाच्या वेळचे वय, तिचे शिक्षण आणि ती कहाणी तिने कोणाकडून ऐकली, या तीन बाबींची नोंद प्रत्येक पाठासोबत आवर्जून करावी. दुसऱ्या जगाच्या कथा आणि त्या सांगणाऱ्या स्त्रियांची प्रत्यक्ष आयुष्ये ही एकत्र नोंदली गेली, तर प्रादेशिक सामाजिक इतिहासाचे आजवर दुर्लक्षित राहिलेले साधन अभ्यासकांच्या हाती येईल. आज ऐंशीच्या घरात असलेल्या त्या पिढीकडून हे काम करून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.